आजारी न पडलेली बाळं

थंडीचे दिवस. आठ-नऊ महिन्यांचं बाळ सकाळपासून किरकिरतंय. आधी दोन-तीन उलट्या होतात, अंग कोमट लागतं आणि दुपारनंतर पाण्यासारखी शी सुरू होते. आजी बाळाच्या हिरडीवरून बोट फिरवते आणि निदान करून मोकळी होते: "दात येताहेत गं. दातांचे जुलाब आहेत, होणारच."

आजीचं निरीक्षण बिनचूक असतं. दात फुटण्याचं वय आणि असे जुलाब होण्याचं वय खरंच एक आहे. फक्त दातांचा त्यात काही हात नसतो. मग कुणाचा असतो? पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं, पोट बिघडलं, हे कुणालाही पटतं. पण इथे पावसाळा सरून दोन-तीन महिने झालेत, बाळाचं पाणी उकळून गार केलेलं आहे, वाटी-चमचाही वेगळा आहे. तरीही जुलाब झालेच.

या जुलाबांमागे पुष्कळदा रोटाव्हायरस नावाचा विषाणू असतो. बाळ दीड महिन्याचं झालं की लसीकरणाच्या दिवशी त्याच्या तोंडात जे थेंब घालतात, त्यांत पोलिओबरोबर याच विषाणूवरची लसही असते. आपल्या देशात त्यासाठी वापरलेल्या लशींपैकी एकीचा उगम दिल्लीतल्या नवजात बाळांच्या लंगोटांत आहे. ही बाळं आजारीही नव्हती. आजारी नसलेल्या बाळांची शी तपासायला पैसे कोण देतं, आणि का देतं, हाच या लेखाचा विषय आहे.

उकळलेल्या पाण्याला न जुमानणारा

१९७३ साली मेलबर्नच्या बालरुग्णालयात रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलाब झालेल्या मुलांच्या आतड्यांचे बारीक तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तोवर लहान मुलांच्या बऱ्याचशा जुलाबांत कुठलाच जंतू हाती लागत नसे. आतड्याच्या पेशींत त्यांना गोल कडेचे विषाणू खच्चून भरलेले दिसले. मग जगभर शोध सुरू झाला आणि जिथे पाहावं तिथे हा सापडू लागला. लस येण्यापूर्वी श्रीमंत देशांतलं असो की गरीब, जवळजवळ प्रत्येक मूल पाच वर्षांचं होईपर्यंत एकदा तरी याच्या तावडीतून जात असे.

स्वच्छतेने कॉलरा आटोक्यात येतो, मग हा का नाही? कारण बाधा व्हायला याचे दहा ते शंभर कण पुरतात. आजारी बाळाच्या एक ग्रॅम शीत मात्र ते अब्जावधी असतात. हातांवर हा काही तास टिकतो, खेळण्यांवर काही दिवस. करोनाच्या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं आणि साबण ते फोडून टाकतो. रोटाव्हायरसला असं आवरणच नाही. हात धुतल्याने कण वाहून जातात, तेवढा फायदा आहेच, पण पाळण्यातलं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं. एवढी स्वच्छता कुठल्याच घरात शक्य नाही. त्यामुळे विषाणू सगळ्यांना सारखाच गाठायचा. फरक पडायचा तो पुढे, दवाखाना किती जवळ आहे यावर. लस येण्यापूर्वीच्या काळासाठीचा एक अंदाज सांगतो की भारतात दरवर्षी पाच वर्षांखालची सुमारे ७८ हजार मुलं या एका विषाणूने दगावत होती. जुलाबांसाठी दाखल होणाऱ्या दर पाच मुलांपैकी दोघांना हाच विषाणू असायचा.

आतड्यात नेमकं काय होतं

लहान आतड्याच्या आतल्या बाजूला असंख्य बारीक उंचवटे असतात. त्यांच्या टोकांवरच्या पेशी अन्नरस शोषून घेतात, दुधातली साखर फोडतात. रोटाव्हायरस नेमक्या या टोकांवरच्या पेशींत शिरतो, तिथे वाढतो आणि त्या मारून टाकतो. मग दुधातली साखर न फुटता तशीच पुढे सरकते. आतड्यात साखर साचली की ती शरीरातलं पाणी आपल्याकडे ओढते. म्हणून शी पातळ होते.

पण गोष्ट एवढ्यावर भागत नाही. पेशी मरायच्या आधीच विषाणू एक प्रथिन बाहेर सोडतो. ते शेजारच्या धडधाकट पेशींनाही क्षार आणि पाणी आतड्यात सोडायला लावतं. आतड्यातल्या नसांनाही विषाणू चाळवतो, म्हणून आधी उलट्या होतात. सात किलोच्या बाळाच्या शरीरातून दहा टक्के वजनाइतकं पाणी जाणं म्हणजे जेमतेम पाऊण लिटर जाणं. तेवढ्यात बाळाच्या जिवावर बेततं आणि त्याला एक दिवससुद्धा लागत नाही.

सुदैवाने आतड्याच्या पेशींवर एक वाट असते, तिच्यातून मीठ आणि ग्लुकोज जोडीनेच आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी जातं. जुलाबांतही ही वाट पुष्कळशी चालू राहते. जलसंजीवनीचं सगळं शास्त्र एवढंच. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपल्यावर मीठ-साखरेच्या पाण्याची पिंपं भरून लोकांना पाजली आणि कॉलऱ्याचे मृत्यू झपाट्याने खाली आणले. जलसंजीवनी आजही पहिला उपाय आहे. अडचण एवढीच की रोटाव्हायरसचं मूल प्यायलेलं ओकून टाकतं, आणि खेड्यातल्या आईला रात्री दोन वाजता वाहन मिळत नाही. म्हणून लस हवी होती.

चौकट : लस घेतल्यावरही जुलाब झाले तर

लस सगळे जुलाब थांबवत नाही. सरकारी दवाखान्यात मिळणारं जलसंजीवनीचं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. दुकानातली लहान पाकिटंही येतात, म्हणून वर लिहिलं असेल तेवढंच पाणी घ्यावं. कालवलेलं पाणी २४ तासांनंतर टाकून द्यावं. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करावं. अंगावरचं दूध बंद करू नये. झिंकची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस द्यावी, जुलाब आधी थांबले तरी. डोळे खोल गेले, लघवी होईना, मूल मलूल पडलं, पिणं सोडलं किंवा शीत रक्त दिसलं तर घरी थांबू नये.

एम्सच्या नवजात कक्षातलं कोडं

१९८५-८६ च्या सुमाराची गोष्ट. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. महाराज किशन भान हे बालरोगतज्ज्ञ लहान मुलांच्या जुलाबांवर काम करत होते. ते पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयातून, म्हणजे एएफएमसीतून डॉक्टर झालेले. नवजात कक्षातल्या बाळांच्या शीत त्यांच्या गटाला रोटाव्हायरस सापडत होता, तोही एक-दोन बाळांत नाही. पण बाळांना जुलाबच नव्हते! दूध पीत होती, वजन धरत होती आणि विषाणू बाहेर टाकत होती.

कुठल्याही रुग्णालयाचा नियम साधा असतो: जो आजारी आहे त्याच्याकडे आधी पाहायचं. आजारी नसलेल्याला घरी सोडायचं, खाट मोकळी करायची. भान यांच्या गटाने ही बाळं घरी गेल्यावरही त्यांचा माग सोडला नाही. कक्षात बाधा झालेली बाळं आणि न झालेली बाळं यांना पुढे रोटाव्हायरसचे जुलाब किती होतात, ते पाहत राहिले. १९९३ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: जन्मल्या जन्मल्या ज्यांना ही मूक बाधा झाली, त्यांना पुढे या विषाणूचे जुलाब कितीतरी कमी झाले. असंच काहीसं मेलबर्नमध्ये रूथ बिशप यांनाही १९८३ मध्ये दिसलं होतं. म्हणजे निसर्गाने या बाळांना फुकटात लस टोचली होती, किंवा खरं तर पाजली होती. दिल्लीच्या बाळांतल्या विषाणूच्या वाणाला नाव मिळालं ११६ई.

मला या सगळ्या कथेत हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. घरोघर जाऊन धडधाकट बाळांच्या लंगोटांतले नमुने गोळा करायचे, शीतपेटीतून आणायचे, तपासायचे, आणि हे वर्षानुवर्षं करायचं. याच्या शेवटी विकण्यासारखं काही हाती लागेल, अशी त्या वेळी कुणालाच खात्री नव्हती. कुठली कंपनी यावर पैसे लावेल? आणि लावले नाहीत म्हणून तिला बोल तरी कसा लावायचा?

अकरा तुकड्यांचा विषाणू

पण बाळं आजारी का पडली नाहीत? आईकडून आलेली प्रतिपिंडं, म्हणजे रक्तातली आणि दुधातली जंतूंना अडवणारी प्रथिनं, हे एक कारण. दुसरं कारण खुद्द विषाणूत होतं आणि ते समजायला त्याची रचना पाहावी लागते.

रोटाव्हायरसची जनुकं सलग धाग्यावर नसतात. त्यांचे अकरा सुटे तुकडे असतात. त्या काळच्या प्रयोगशाळांत हे डोळ्यांनी दिसायचं: शीतून काढलेला विषाणूचा आरएनए, म्हणजे हेच जनुकांचे तुकडे, जेलीच्या पातळ चकतीत वरच्या टोकाला घालायचा, वीज सोडायची, की लहान तुकडे भराभर खाली सरकतात आणि मोठे मागे रेंगाळतात. मग चांदीच्या क्षाराने रंगवलं की फिक्या पार्श्वभूमीवर अकरा तपकिरी रेघा उमटतात. दोन रेघांतलं अंतर वाणागणिक वेगळं, त्यामुळे कुठल्या बाळाकडून कुठल्या बाळाला काय गेलं, हे रेघा पाहून ओळखता येई. यंत्रसामग्री फारशी नाही, पण नजर आणि चिकाटी हवी.

आता एका पेशीत एकाच वेळी दोन वेगळे वाण शिरले तर? एकाच मंगल कार्यालयात एकाच दिवशी दोन लग्नं असावीत आणि निघताना घाईघाईत बॅगांची अदलाबदल व्हावी, तसं होतं. प्रत्येक वऱ्हाड अकरा बॅगा मोजून घेऊन निघतं, पण त्यांतली एखादी दुसऱ्यांची असते. ११६ई मध्ये नेमकं हेच झालेलं होतं. त्याचे दहा तुकडे माणसाच्या रोटाव्हायरसचे आणि एक गाईगुरांच्या रोटाव्हायरसचा. हा बदल कुठल्या प्रयोगशाळेने केलेला नव्हता.

आणि तो एक तुकडाही बिनमहत्त्वाचा नव्हता. विषाणूच्या बाहेरच्या अंगाला जी टोकं असतात, ज्यांनी तो आतड्याच्या पेशीला चिकटतो, त्या टोकांचं प्रथिन हाच तुकडा घडवतो. आतड्याच्या पेशींवर साखरेच्या छोट्या साखळ्या असतात. वाढत्या वयात या साखळ्यांना पुढे आणखी साखरा जोडल्या जातात. नवजात बाळात त्या बऱ्याचशा अपुऱ्या असतात. कितीतरी वर्षांनी, २०१३ च्या सुमारास, संशोधकांना दिसलं की या जातीचं टोक नेमकं अशा अपुऱ्या साखळीला चिकटतं. नवजात कक्षात हाच वाण का घुटमळत होता, याचं बरंचसं उत्तर त्यात मिळतं. लस बनवताना हे कुणालाही माहीत नव्हतं.

दिल्लीत ११६ई सापडला त्याच सुमारास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. दुर्गा राव यांना तिथल्या नवजात बाळांत दुसरा वाण सापडला, आय-३२१. तो उलटा: बहुतेक तुकडे गाईगुरांचे, दोन माणसाचे. दोन्ही वाणांना लशीचे उमेदवार म्हणून पुढे नेलं गेलं. बाळांवरच्या सुरुवातीच्या चाचणीत ११६ई ने जास्त बाळांत प्रतिकार जागवला आणि आय-३२१ मागे पडला. पुढे वेल्लोरला आय-३२१ च्या कुळातल्याच वाणाची नवजात बाधा झालेल्या मुलांचा पाठपुरावा झाला, तेव्हा त्यांना नंतर काहीच संरक्षण मिळालेलं दिसलं नाही. म्हणजे "नवजात बाळाला मूक बाधा झाली की लस मिळाली" हा नियम नव्हताच. दिल्लीच्या कक्षात योग्य वाण फिरत होता, हा नशिबाचा भाग. तो योग्य आहे हे सिद्ध करणं मात्र नशिबावर सोडलेलं नव्हतं.

पैसा कुणाचा

केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग १९८६ मध्ये स्थापन झाला. पुढच्याच वर्षी लशींच्या संशोधनासाठी भारत आणि अमेरिका यांचा संयुक्त कार्यक्रम सुरू झाला. ११६ई ला या दोन्हींचा आधार मिळाला. अमेरिकेच्या बाजूनेही सरकारी आरोग्य संस्थांचे शास्त्रज्ञ आणि स्टॅनफर्ड विद्यापीठ यांत होतं. २००० नंतर हैदराबादची भारत बायोटेक उत्पादनासाठी आली. मोठ्या चाचण्यांसाठी गेट्स फाउंडेशन, पाथ ही संस्था आणि नॉर्वेची संशोधन परिषद यांनीही हात लावला. सगळं श्रेय सरकारी तिजोरीला देणं खोटं ठरेल. पण क्रम पाहण्यासारखा आहे. जिथे अपयशाची शक्यता सर्वांत जास्त आणि नफ्याची सर्वांत कमी, ती पहिली पंधरा वर्षं सार्वजनिक पैशावर गेली. कारखाना, बाटल्या, परवाने हा खर्चिक पण बेतशीर भाग नंतर आला.

सार्वजनिक पैशाने आणखी एक गोष्ट विकत घेतली, ती म्हणजे किंमत ठरवण्याचा हक्क. खासगी बालरोगतज्ज्ञांकडे परदेशी रोटाव्हायरस लशीच्या एका डोसला हजाराच्या आसपास रुपये पडत, आणि डोस एकापेक्षा जास्त. भारत बायोटेकने सरकारसाठी एका डोसची किंमत एक डॉलर ठेवण्याचं कबूल केलं. रोटाव्हॅक या नावाने ही लस मार्च २०१५ मध्ये आली. भान स्वतः २००४ ते २०१२ या काळात त्याच जैवतंत्रज्ञान विभागाचे सचिव होते.

अर्थात, हा मार्ग भारतानेच शोधला असं नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची रोटासिल ही लस ज्या वाणांवर उभी आहे, ते अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, म्हणजे तिथल्या करदात्यांच्या पैशावर, अल्बर्ट कापिकियन यांच्या गटाने तयार केले होते. गाईच्या विषाणूत माणसाच्या विषाणूचे तुकडे मुद्दाम बसवून. इथे अदलाबदल निसर्गाने नाही, माणसाने घडवून आणली. अमेरिकेत ते वाण बाजारात गेले नाहीत. परवाना घेऊन पुण्यात त्यांची लस झाली.

वढूची मुलं

लस खरंच काम करते का, हे ठरवणारी मोठी चाचणी मार्च २०११ मध्ये तीन ठिकाणी सुरू झाली: दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यातलं वढू. संभाजी महाराजांच्या समाधीचं वढू बुद्रुक. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र तिथे आणि आसपासच्या गावांत कित्येक वर्षांपासून जन्म, मृत्यू, स्थलांतर यांची घरागणिक नोंद ठेवत आलं आहे. अशी नोंद आधीच असणं हेही संशोधनच, फक्त त्याची बातमी कधी होत नाही. गावात बाळ जन्मलं की केंद्राला कळतं, आणि सहा आठवड्यांनी कुणाचं दार वाजवायचं हेही ठरतं.

तिन्ही ठिकाणची मिळून ६,७९९ बाळं. दोनास एक या प्रमाणात चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी: दोघांना लस, तिसऱ्याला तसेच दिसणारे पण औषधाविना थेंब. कुणाला काय मिळालं हे आईलाही माहीत नाही आणि थेंब घालणाऱ्यालाही नाही. माहीत असलं की माणूस नकळत एकाच्या शीकडे जास्त बारकाईने पाहतो. त्यानंतर कार्यकर्ते दर आठवड्याला घरी. जुलाब किती वेळा, किती दिवस, उलट्या किती, ताप किती, पाणी किती कमी झालं, सलाइन लागलं का, प्रत्येकाला गुण. वीस गुणांच्या मापावर अकरा किंवा जास्त म्हणजे तीव्र आजार. शिवाय शीत रोटाव्हायरस सापडायला हवा.

निकालाचे दोन आकडे पाहा. लस मिळालेल्या गटात तीव्र रोटाव्हायरस आजाराच्या ७१ घटना घडल्या, नुसते थेंब मिळालेल्या गटात ७६. पहिल्या नजरेला वाटेल, मग लशीने केलं काय? पण पहिला गट दुसऱ्याच्या दुप्पट आहे. नुसत्या थेंबांच्या गटातला वेग दुप्पट मोठ्या गटाला लावला तर तिथे सुमारे १५३ घटना व्हायला हव्या होत्या. झाल्या ७१. म्हणजे निम्म्याहून जास्त टळल्या. हिशोबाने ५३.६ टक्के. दोन वर्षांचं पुढचं मोजमाप धरलं तर ५५ टक्क्यांच्या आसपास.

पंचावन्नच का

शाळेत पंचावन्न टक्के म्हणजे जेमतेम दुसरा वर्ग. युरोपात अशाच तोंडावाटे देण्याच्या लशी ८५ टक्क्यांच्या पुढे जातात. म्हणून आपली लस कमअस्सल असा सूर निघाला होता. पण त्यांतल्याच एका लशीने आफ्रिकेतल्या मलावीत ४९ टक्केच दिले. उणीव बाटलीत नव्हती. गरीब देशांतल्या बाळांच्या आतड्यांत काहीतरी वेगळं होतं.

काय वेगळं, यावर बरंच काम झालं. आईकडून आलेली प्रतिपिंडं इथे जास्त असतात आणि ती जंतूंइतकीच लशीलाही अडवतात. त्याच दिवशी दिलेला पोलिओचा डोस आतड्यात जागेसाठी भांडतो. वरचेवर होणाऱ्या इतर बाधांनी आतड्याचं अस्तर सुजलेलं असतं. काहींना वाटलं, लशीच्या आधी-नंतर अर्धा तास दूध पाजलं नाही तर? दिल्लीत तसा प्रयोग झाला. काही फरक पडला नाही. बाळाला उपाशी रडवू नका, एवढा निष्कर्ष त्यातून निघाला, आणि मला तो अजिबात लहान वाटत नाही.

खुद्द निसर्गाची बाधाही इथे कमी पुरते. मेक्सिकोत दोनदा बाधा झालेल्या मुलांना नंतर तीव्र जुलाब झालेच नाहीत. वेल्लोरमध्ये तीनदा बाधा झाल्यावरही संरक्षण ७९ टक्क्यांवरच थांबलं. खरी बाधाच जिथे पूर्ण धडा देत नाही, तिथे लशीने द्यावा ही अपेक्षा जास्तच.

शिवाय टक्केवारी नुसती वाचून चालत नाही. समजा, एका देशात दहा हजारांत एक मूल या आजाराने दगावतं आणि लस नव्वद टक्के चालते. दुसऱ्या देशात दहा हजारांत तीस दगावतात आणि लस पंचावन्न टक्के चालते. पहिल्या देशात दहा हजारांमागे एकही पुरता जीव वाचत नाही. दुसऱ्यात सोळा वाचतात. कमी टक्क्यांची लस जास्त जीव वाचवते.

हे कागदावरचं गणित प्रत्यक्षात उतरलं का? २०१६ मध्ये हिमाचल, हरियाणा, आंध्र आणि ओडिशापासून लस राष्ट्रीय कार्यक्रमात आली आणि २०१९ पर्यंत देशभर पोचली. नऊ राज्यांतल्या ३१ रुग्णालयांच्या पाहणीत रोटाव्हॅकची परिणामकारकता ५४ टक्के भरली, चाचणीतल्या आकड्याला जवळजवळ तंतोतंत. जुलाबांसाठी दाखल मुलांत रोटाव्हायरसचं प्रमाण ४० टक्क्यांवरून २० वर आलं.

आतड्यात आतडं

एक शंका मात्र शेवटपर्यंत पाठ सोडत नव्हती. १९९८ मध्ये अमेरिकेत रोटाशील्ड नावाची अशीच लस आली होती. दहा हजारांत साधारण एका बाळाला ती दिल्यावर आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरून अडकू लागला आणि १९९९ मध्ये ती मागे घेतली गेली. एवढा विरळ धोका पकडायला नंतरच्या परदेशी लशींच्या चाचण्या साठ-साठ हजार बाळांवर झाल्या. पावणेसात हजारांत तो दिसला असता की नाही, सांगणं अवघड. त्यामुळे तीन केंद्रांची आकडेवारी वेगवेगळी जाहीर करा, अशी मागणी घेऊन प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. मागणी करणाऱ्यांना लसविरोधक म्हणून हिणवलं गेलं, ते मला पटत नाही. सार्वजनिक पैशाने उभ्या राहिलेल्या संशोधनाचे आकडे मागणं हा लोकांचा हक्कच आहे.

उत्तर शेवटी वापरातूनच मिळालं. लस सुरू झालेल्या राज्यांतल्या २७ रुग्णालयांनी आतडं अडकलेल्या प्रत्येक बाळाची नोंद घेतली आणि ते लशीच्या नंतरच्या दिवसांत जास्त होतं का, ते तपासलं. २०२० मध्ये निष्कर्ष आला: या लशीमुळे धोका वाढलेला आढळला नाही.

आता प्रश्न वेळेचा आहे. मेलबर्नच्या नवजात बाळांत सापडलेल्या वाणाची लस इंडोनेशियात दोन पद्धतींनी देऊन पाहिली. काहींना पहिला डोस जन्मानंतरच्या पाच दिवसांत दिला, काहींना नेहमीसारखा दोन महिन्यांच्या सुमारास. दीड वर्षाच्या वयापर्यंत मोजलं तर उशिरा सुरुवात केलेल्यांत तीव्र आजार ५१ टक्क्यांनी घटला, जन्मतःच सुरुवात केलेल्यांत ७५ टक्क्यांनी. जन्मतः आतड्यात इतर जंतूंची गर्दी झालेली नसते, आणि या कुळातले वाण मुळात नवजात आतड्यात वाढायला सरावलेले असतात. ११६ई देखील नवजात बाळातूनच आलेला वाण आहे आणि तो आपण दीड महिन्याच्या बाळाला देतो. आपल्याकडे बीसीजी आणि पोलिओचा पहिला डोस जन्मतःच, बहुतेकदा प्रसूतिगृहातच मिळतो. रोटाव्हायरसचे थेंबही त्याच वेळी दिले तर पंचावन्नचा आकडा वर सरकेल का, हे शोधायला पुन्हा कुणाला तरी धडधाकट बाळांच्या मागे दोन वर्षं फिरावं लागेल.